एका मिनिटात किती श्वास?

गेल्या दिवाळीची गोष्ट. ताई बाळंतपणाला अमरावतीला आलेली, भाचा जेमतेम चाळीस दिवसांचा. मी सुट्टी टाकून घरी गेलो होतो. पाडव्याच्या दिवशी सकाळी त्याचं नाक वाहायला लागलं. त्याच्या आधी मला सर्दी झाली होती, म्हणजे बहुतेक मीच पुण्याहून भेट आणली होती. दुसऱ्या दिवशी रात्री आजी त्याच्याजवळ बसली, झबलं वर केलं आणि म्हणाली, "अवं, पोट उडून राह्यलं लेकराचं. डबा झाला वाटते."

डबा म्हणजे काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं. रात्री साडेअकराला आम्ही दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांनी एक गोष्ट केली, जिचा मला त्या क्षणी भयंकर राग आला होता. त्यांनी बाळाचं पोट उघडं केलं, मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि पूर्ण एक मिनिट काहीही न करता नुसते बघत उभे राहिले. मी मनात म्हणतोय, अहो मशीन लावा, एक्स-रे काढा, काहीतरी करा! मिनिट संपल्यावर ते म्हणाले, "चौसष्ट. ऍडमिट करू."

चार दिवस ऑक्सिजन, नळीने दूध, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब. बस्स. 'अँटिबायोटिक का नाही देत?' असं मी दोनदा विचारलं. "व्हायरस आहे हो. त्याच्यावर औषध नाही. त्याचं त्यालाच लढायचंय, आणि खरं सांगू का, त्याच्याकडे अजून स्वतःचं असं फारसं काही नाही. आईकडून आणलेलं आहे तेवढंच," असं डॉक्टर म्हणाले. पाचव्या दिवशी भाचा घरी आला. आता मस्त रांगतोय, माझ्या लॅपटॉपच्या वायरी खातोय. :)

पण ते दोन मुद्दे डोक्यातून जाईनात. एक, तो एक मिनिटाचा हिशोब. दुसरं, "आईकडून आणलेलं आहे तेवढंच". मी काही डॉक्टर नाही, डिग्री कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची, त्यामुळे पुढे जे लिहितोय ते एका मामाने शनिवार-रविवार बसून केलेलं वाचन समजा. वाचता वाचता हे लक्षात आलं की या गोष्टीतला बराच भाग आपल्याच विदर्भात घडलाय.

मोजायला कोणी शिकवलं?

श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायचा हा शोध मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलातला नाही. १९८४ साली फ्रँक शॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पापुआ न्यू गिनीमधल्या मुलांचा अभ्यास छापला. जिथे एक्स-रे नाही, तपासायला डॉक्टर नाही, तिथे कुठल्या मुलाला औषध द्यायचं हे कसं ठरवायचं, हा त्यांचा प्रश्न. उत्तर निघालं की स्टेथोस्कोपने जे ऐकू येतं त्यापेक्षा श्वासाचा वेग जास्त कामाचा. आज जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे असे आहेत: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, तर श्वास जलद समजायचा. कुठलाही प्रोग्रॅमर खूश होईल असा साधा 'इफ-एल्स'.

पण हे गावात करणार कोण? इथे गडचिरोली येते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. लहान मुलं कशाने जातात ते घरोघर जाऊन मोजल्यावर न्यूमोनियाचा वाटा खूप मोठा निघाला. मग त्यांनी गावातल्याच कमी शिकलेल्या आरोग्यसेवकांना आणि सुइणींना न्यूमोनिया ओळखायला आणि को-ट्रायमोक्साझोलचं साधं, स्वस्त औषध द्यायला शिकवलं. ज्या सुईणबाईला पन्नासपर्यंत मोजता येत नाही तिच्यासाठी एक यंत्र केलं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्या बाळांसाठी, दुसरी मोठ्या मुलांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी आला की समजायचं, न्यूमोनिया. मला विचाराल तर यूजर इंटरफेस कसा असावा याचा हा धडा आहे. वापरणाऱ्याला जे येतं त्याच्यावर बांधलेला, जे येत नाही त्याबद्दल तिला न लाजवणारा.

निकाल १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ५८ गावांत हा उपाय केला होता, ४४ गावं तुलनेसाठी. उपाय केलेल्या भागात न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले. ज्यांना औषध मिळालं त्या आजारी मुलांमध्ये मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के, तुलनेच्या गावांत १३.५ टक्के. पुढे १९९९ मध्ये त्यांचाच घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग छापला गेला. तिथे जन्मल्यापासून २८ दिवसांतले मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११ पासून देशभर आशा ताई बाळंतिणीच्या घरी ज्या ठरावीक भेटी देतात, त्याचं मूळ इथे आहे.

आता प्रश्न असा की हे सगळं १९९० मध्ये सापडलं होतं, तर मग लढाई संपायला हवी होती. का नाही संपली? कारण को-ट्रायमोक्साझोल जिवाणू मारतं. विषाणूला ते काहीही करत नाही. आणि तान्ह्या बाळाच्या छातीत शिरणाऱ्या विषाणूंचा दादा वेगळाच आहे.

माकडांची सर्दी

१९५६ साली अमेरिकेत वॉल्टर रीड या लष्करी संशोधन संस्थेतल्या चिंपांझींना सर्दी झाली. त्यातून एक नवा विषाणू मिळाला. नाव काय ठेवलं? 'चिंपांझीच्या सर्दीचा कारक'. माकडांचा आजार म्हणून तो विसरलाही गेला असता. पण पुढच्याच वर्षी रॉबर्ट चॅनॉक यांना बाल्टिमोरमधल्या छातीच्या आजाराने बेजार झालेल्या मुलांमध्ये हाच विषाणू सापडला. म्हणजे माकडांनी माणसांना दिला नव्हता, बहुधा माणसांनीच माकडांना दिला होता! काचेच्या भांड्यात हा विषाणू शेजारशेजारच्या पेशींना एकमेकींत विरघळवून त्यांचा एक मोठा गोळा करतो. त्या गोळ्याला सिन्सिशियम म्हणतात, म्हणून नाव रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस. थोडक्यात आरएसव्ही.

दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला हा होऊन जातो. मोठ्या माणसाला साधी सर्दी (मी, पाडवा, नमस्कार!). पण चाळीस दिवसांच्या बाळाला ऑक्सिजन. एकच विषाणू, मग इतका फरक का?

पहिलं कारण निव्वळ इंजिनिअरिंगचं. फ्लुइड मेकॅनिक्स आठवतंय का? नळी अरुंद झाली की प्रवाहाला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो. समजा मोठ्या माणसाची श्वासनळी ८ मिलिमीटरची आहे आणि सुजेने आतून चोहीकडून १ मिलिमीटर भरली. उरले ६. अडथळा तिपटीहून थोडा जास्त. आता बाळाची नळी ४ मिलिमीटरची घ्या. तेवढ्याच सुजेने उरले २. अडथळा सोळापट! आणि आरएसव्ही तर याहून कितीतरी बारीक, टोकाच्या नळ्यांत जाऊन बसतो. मेलेल्या पेशी आणि चिकट शेंबूड यांनी त्या नळ्या बुजतात. मग बाळ पोटाचा जोर लावून श्वास ओढतं. आजीचं "पोट उडून राह्यलं" ते हेच. आजी चौथीपर्यंत शिकलेली आहे, पण निदान डॉक्टरांच्या आधी तिने केलं होतं.

दुसरं कारण जास्त खोलातलं आहे. इतके दिवस मला वाटायचं की बाळाची प्रतिकारशक्ती म्हणजे आपल्यासारखीच, फक्त थोडी कमी. तसं नाहीये. तिची सेटिंग्जच वेगळी असतात. विचार करा, नऊ महिने हे बाळ दुसऱ्या माणसाच्या शरीरात होतं. तिथे त्याच्या पेशींनी जरा काही परकं दिसलं की तोफा डागल्या असत्या तर आई आणि बाळ दोघंही धोक्यात आले असते. बाहेर आल्यावरही तेच. काल पाण्याने भरलेली फुफ्फुसं आज हवेने भरतात, धूळ, जंतू, सगळं एकदम आत येतं. प्रत्येकावर भडकून चालणार नाही. म्हणून नवजात बाळाची यंत्रणा 'आधी सहन करा' या धोरणावर असते. विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाचा धोक्याचा इशारा सोडतात, तो बाळात दुबळा असतो. विषाणू लागलेल्या पेशी शोधून मारणारी फौज उशिरा येते. त्याऐवजी ऍलर्जीत दिसते त्या प्रकारची प्रतिक्रिया चटकन येते, म्हणजे शेंबूड आणि सूज. आणि लढून झाल्यावर 'या विषाणूला ओळखून ठेवा' म्हणून फुफ्फुसातच मुक्काम करणाऱ्या आठवणीच्या पेशी मोठ्यांमध्ये भरपूर तयार होतात, तान्ह्यात कमी. म्हणून एकदा होऊन गेलं तरी पुन्हा होतं.

हा काही बिघाड नाही, बरं का. पहिल्या काही महिन्यांसाठी हीच योग्य रचना आहे. फक्त आरएसव्हीला नेमकी हीच फट सापडते.

१९६६ ची चूक

हे कळायला मोठी किंमत मोजावी लागली. पोलिओची लस यशस्वी झाली होती, मग आरएसव्हीसाठीही तोच मार्ग धरला: विषाणू फॉर्मॅलिनने मारायचा आणि टोचायचा. १९६६ मध्ये अमेरिकेत ही लस लहान मुलांना दिली. रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, भरपूर दिसल्या. सगळे खूश. मग हिवाळ्यात खरा विषाणू आला. ज्या बाळांना लस दिली होती आणि नंतर लागण झाली, त्यांच्यातल्या ८० टक्के बाळांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. ज्यांना ती लस दिलीच नव्हती त्यांच्यात हे प्रमाण ५ टक्के होतं. दोन बाळं दगावली.

म्हणजे लसीने वाचवायच्या ऐवजी आजार वाढवला. का? उत्तर मिळायला अनेक दशकं गेली. मारलेल्या विषाणूवरच्या मुख्य प्रथिनाचा आकार बदललेला होता. तयार झालेली प्रतिपिंडं त्याला चिकटत होती पण अडवत नव्हती. आणि बाळाच्या मुळातच ऍलर्जीकडे झुकलेल्या यंत्रणेला त्या लसीने आणखी तिकडेच ढकललं होतं. आमच्या भाषेत टेस्ट केस पास, प्रॉडक्शनमध्ये सिस्टिम कोसळली. फक्त इथे सिस्टिम म्हणजे कोणाचं तरी लेकरू होतं, त्यामुळे ही उपमा देतानाही बरं वाटत नाही. या धक्क्याने आरएसव्हीच्या लसीचं काम पुढे कित्येक वर्षं रखडलं.

उसनं

मग बाळाला वाचवतं कोण? पॉल अर्लिक या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये उंदरांवर फार सुंदर प्रयोग केला होता. एका विषाला सरावलेल्या माद्यांच्या पिल्लांना दुसऱ्या माद्यांचं दूध पाजलं आणि दुसऱ्यांची पिल्लं या माद्यांना दिली. त्यातून दिसलं की आईची प्रतिकारशक्ती पिल्लाला जन्माआधीही मिळते आणि दुधातूनही. पण ती कायमची राहत नाही. उसनी असते.

माणसात हे उसनं वारेतून येतं, आणि त्यातला मोठा भाग गरोदरपणाच्या शेवटच्या काही आठवड्यांत. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तातली ही प्रतिपिंडं आईइतकी, कधी तर आईपेक्षाही जास्त असतात. मग साधारण दर महिन्याला निम्मी होत जातात. बाळ लवकर जन्मलं तर ट्रान्सफर अर्ध्यात तुटतो. वर चिकाचं दूध आणि अंगावरचं दूध नाका-घशाला लेप दिल्यासारखी वेगळी प्रतिपिंडं देत राहतं. बाळाची स्वतःची कमाई सुरू होईपर्यंत सगळा संसार या उधारीवर. डॉक्टरांचं वाक्य मला इथे आल्यावर कळलं.

आणि इथे आल्यावर मेळघाट आठवला. आठवायलाच पाहिजे. अमरावतीत वाढलेल्या कोणालाही चिखलदऱ्याची सहल आठवते, तसं 'मेळघाट' म्हटलं की १९९३ पासून पेपरात येणारे बालमृत्यूंचे मथळेही आठवतात. अमरावतीहून परतवाडा, सेमाडोह, हरिसाल करत धारणीला पोचायला घाटातून चारेक तास. तिथे कोरकू आई स्वतःच अशक्त, बाळ कमी वजनाचं, कधी दिवस भरायच्या आत जन्मलेलं. घरात चुलीचा धूर. म्हणजे नळ्या जास्त अरुंद आणि उसनंही कमी. बाळाचं पोट उडायला लागलं की काही घरांत आजही भूमकाकडे नेऊन पोटावर तापल्या विळ्याचे चटके देतात. त्याला डंबा म्हणतात. पेपरात बातमी आली की आपण 'किती अडाणी लोक' म्हणून पान उलटतो. मीही उलटलंय. आता वाटतं, लक्षण त्यांनी बरोबर ओळखलेलं असतं. आजीनेही तेच ओळखलं होतं. फरक एवढाच की आजीच्या घरापासून ऑक्सिजन रिक्षाने दहा मिनिटांवर होता.

मेळघाटात धारणीजवळ उतावली इथे डॉ. आशिष सातव यांची 'महान' ही संस्था १९९८ पासून काम करते. २०१६ पासून काही वर्षं त्यांनी, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचे डॉ. एरिक सिमोस आणि पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था यांच्यासोबत, मेळघाटातल्या ९३ गावांत दोन वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये आरएसव्ही शोधला. गावातल्याच प्रशिक्षित बायका घरोघर जाऊन छातीचा आजार झालेली बाळं हेरत होत्या, नाकातले नमुने घेतले जात होते. महत्त्वाचं हे की त्यांनी फक्त दवाखान्यात पोचलेली बाळं मोजली नाहीत. घरी गेलेली बाळंही मोजली. २०२१ मध्ये हा अभ्यास छापून आला.

यात काय विशेष? हे बघा. २०१९ या एका वर्षात जगात पाच वर्षांखालची सुमारे एक लाख मुलं आरएसव्हीने गेली असा अंदाज आहे. त्यातली जवळपास निम्मी सहा महिन्यांच्या आतली. आणि या लाखातले हॉस्पिटलात झालेले मृत्यू किती? सव्वीस हजारांच्या आसपास. उरलेली तीन चतुर्थांश बाळं कुठल्याच हॉस्पिटलच्या कागदावर आली नाहीत. २००१ मध्ये डॉ. बंग आणि राज्यातल्या इतर संस्थांनी 'कोवळी पानगळ' या अहवालात हेच दाखवलं होतं, की महाराष्ट्रात सरकारी नोंदींपेक्षा प्रत्यक्ष बालमृत्यू कितीतरी जास्त आहेत. जे मोजलंच नाही त्याच्यासाठी औषध कोण मागणार आणि कोण बनवणार?

आता औषध आहे

होय, आहे. २०१३ मध्ये जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम वगैरे मंडळींनी आरएसव्हीच्या त्या प्रथिनाचा मूळ आकार शोधला, पेशीत घुसण्याआधीचा. १९६६ च्या लसीत नेमका हाच हरवला होता. तो आकार तसाच गोठवून ठेवायची युक्ती सापडली. (याच मंडळींनी तशीच युक्ती कोरोनाच्या प्रथिनावर केली आणि कोविडच्या अनेक लसींत ती वापरली गेली. म्हणजे आपण मोठी माणसंही या बाळांचं देणं लागतो.)

त्यातून दोन रस्ते निघाले, आणि दोन्ही अर्लिकच्या उंदरांकडेच जातात. बाळाच्या यंत्रणेला घाई करायला लावायचीच नाही. तिची सेटिंग्ज तशीच राहू द्यायची आणि फक्त उसनं वाढवायचं. एक, तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. याचा जुना प्रकार १९९८ पासून होता, पण दर महिन्याला टोचायचा आणि प्रचंड महाग. नवा, निर्सेविमॅब, एकदा दिला की साधारण पाच महिने पुरतो. युरोपात २०२२ मध्ये, अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाला. दुसरा रस्ता म्हणजे गरोदर बाईलाच लस, म्हणजे वारेतून जाणारी शिदोरी भरलेली जाईल. २०२३ मध्ये छापलेल्या चाचणीत या लसीने बाळाच्या पहिल्या ९० दिवसांतला गंभीर आजार जवळपास ८२ टक्क्यांनी कमी केला. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्या देशांना सांगितलं की दोनपैकी एक तरी उपाय सुरू करा.

आपल्या सरकारी मोफत लसीकरणात मात्र आरएसव्ही अजून नाही. न्यूमोनियाच्या जिवाणूवरची महागडी लस त्यात हळूहळू आली. २०१७ मध्ये काही राज्यांत सुरू होऊन २०२१ मध्ये देशभर झाली. म्हणजे येऊ शकते. पण मेळघाटात एक पेच उरतोच. आईला लस द्यायची तर ती गरोदरपणात दवाखान्यापर्यंत, किंवा दवाखाना तिच्यापर्यंत, वेळेत पोचायला हवा. बाळ दिवस भरायच्या आतच जन्मलं तर ती शिदोरी अर्धवट राहते. अशा बाळाला जन्मल्यावर थेट इंजेक्शन बरं, पण त्याची किंमत आणि थंड साखळी. आणि आईच्या ताटात पुरेसं अन्न हवं, हे तर कुठल्याच लसीने होत नाही.

मी यातलं काही सोडवू शकत नाही. पण एक गोष्ट शिकलोय, तीच तुम्हालाही सांगतो. घरात तान्हं बाळ असेल तर सर्दी झालेल्या मामाने लांब राहावं. आणि बाळाचं नाक वाहत असेल, दूध पीत नसेल, तर झबलं वर करा, बाळ शांत असताना मोबाईलवर एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. दोन महिन्यांच्या आत साठ किंवा जास्त आले, किंवा फासळ्या आत ओढल्या जात असतील, तर सकाळची वाट बघू नका.

परवा फोनवर आजीला हे सगळं उत्साहाने सांगितलं. गडचिरोली, चिंपांझी, प्रतिपिंडं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्या मेळघाटातल्या लेकरायले कधी भेटन थे सुई?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.